कढीपत्त्यावरून लिंबावर

माझं काम लोकांच्या झाडांवरचे किडे बघण्याचं. मोखाडा तालुक्यात मी कृषी सहायक आहे. स्कूटीच्या डिकीत एक भिंग, जुनी वर्तमानपत्रं आणि पाण्याची बाटली, एवढंच माझं ऑफिस. पाड्यावर गेलं की माणसं पानं आणून दाखवतात, मी भिंग लावून बघते आणि सांगते, आणि ती निदान ऐकून तरी घेतात. शनिवारी जामसरला घरी आलं की मात्र माझी सगळी अक्कल उंबऱ्याबाहेर चपलांशेजारी राहते. बाबांच्या लेखी मी अजून दहावीला बसलेली पोरगी आहे, आणि आईच्या लेखी तेवढीही नाही.

किड्यांमधलं एक घराणं मला मनापासून आवडतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याला शिव्या घालणार आहे. झाडांचा रस पिणाऱ्या, उड्या मारणाऱ्या उवा म्हणा हवं तर. आमच्या खात्यात त्यांना सायला म्हणतात. शेतकरी सरसकट ‘मावा पडला’ म्हणून मोकळे होतात आणि माझं डोकं फिरतं. मावा आळशी, बसला तिथे बसला. सायला तिळाएवढाही नसतो, पण बोट जवळ नेलं की टुणकन उडी मारून पसार होतो. आणि यातल्या बहुतेकांचं झाड ठरलेलं असतं. उंबराच्या पानांवर टेंगळांचे घोस दिसतात ते यांच्यातल्याच एकाचं काम. जांभळाच्या पानांवरच्या पुटकुळ्या दुसऱ्याच्या. ऐनावरचा वेगळा, सातविणीवरचा वेगळा. उंबरावरच्याला जांभळावर नेऊन सोडलं तर उपाशी मरेल, पण तोंड लावणार नाही.

एकदा एका पाड्यावरची म्हातारी मला हाताला धरून सातविणीखाली घेऊन गेली. पानापानावर फोड आले होते. झाडाला देवी आल्यात, आता काय करायचं, म्हणून ती काळजीत. मी नखाने एक फोड उघडला आणि आतलं पिवळं पिल्लू तिला भिंगातून दाखवलं. तिने बराच वेळ पाहिलं, मग म्हणाली, राहू दे, त्याचं घर आहे. मी तेव्हा हसले होते.

आता बाबांच्या लिंबांचं सांगते. बाबा जव्हारला एका कचेरीत कारकून होते. एसटीने जायचे, एसटीने यायचे, आणि बाजाराच्या दिवशी कचेरी सुटली की पिशवी घेऊन बाजारात चक्कर मारायचे. गावोगावची माणसं तिथे पोत्यावर आपापला माल मांडून बसलेली असायची. गिऱ्हाईक वांगं हातात घेऊन नाक मुरडायला लागलं की विकणाऱ्याचं उत्तर ठरलेलं: घरचं आहे. त्यापुढे कोणी बोलत नाही. बाबांनी उभी नोकरी ते उत्तर ऐकलं. आमची जमीन काका कसत आले. बाबांना पगार होता, म्हणून त्यांना कोणी नांगराला हात लावू दिला नाही. फार तर राब भाजायच्या दिवसांत फांद्यांचे टहाळ तोडायला झाडावर चढवायचे, कारण तिथे ते चपळ होते. शेतकऱ्याच्या घरात जन्मून जन्मभर दुसऱ्याची भाजी विकत आणली, याची त्यांना आतून लाज वाटायची. निवृत्त झाल्यावर एकदा मला म्हणाले की एकच दिवस का होईना, त्या बाजारात आपला माल मांडून बसायचंय, आणि कोणी विचारलं की ‘घरचं आहे’ असं सांगायचंय. त्याच पावसात त्यांनी घरामागच्या उतारावर कागदी लिंबाची कलमं लावली.

आईने त्या लिंबांची जेवढी थट्टा केली तेवढी तिने कोणाचीच केली नसेल. बाबा रोज सकाळी पानं मोजल्यासारखे झाडांमधून फिरायचे आणि ती न्हाणीच्या दारातून विचारायची, काय साहेब, सह्या झाल्या का? बाबा हसायचे. त्यांना तिच्या बोलण्याचं कधीच काही वाटलं नाही.

तिचं स्वतःचं एक झाड होतं. न्हाणीमागे, लिंबांच्या उताराला अगदी लागून, कढीपत्त्याचं. लग्नानंतर वांगणीहून, माहेरच्या झाडाच्या मुळाशी आलेली फूट आणून तिने ते लावलं होतं. वांगणीचं घर आता बंद असतं. मामा-मामी दिवाळी झाली की ठाण्याकडे कामाला जायचे आणि पेरणीला परत यायचे. पुढे पेरणीलाही येईनासे झाले. तिकडचं मूळ झाड वाळून गेल्याचं कोणीतरी सांगितलं. त्या घराचं जे काही हिरवं उरलं होतं ते आमच्या न्हाणीच्या पाण्यावर वाढत होतं. आई हे असं बोलून दाखवणारी नाही. पाड्यातल्या कोणीही यावं, न विचारता दोन डहाळ्या मोडून न्याव्यात. फक्त विकायचा नाही, एवढा तिचा नियम. आणि कढीपत्त्याचं असं की जितका तोडाल तितका फुटतो. सगळा पाडा तोडायचा, त्यामुळे त्या झाडावर बारा महिने कोवळा पाला असायचा.

लिंबं लावल्यापासून चौथा पावसाळा गेला आणि पहिली मोजकी फळं धरली. दसऱ्याला मी घरी आले तर बाबा मला चहासुद्धा घेऊ न देता ओढत मागे घेऊन गेले. फळं बघितली, कौतुक केलं, आणि सवयीने एका शेंड्याकडे नजर गेली. तपकिरी, बारीक किडा, डोकं पानाला टेकवलेलं आणि शेपूट वर. असा तिरका बसणारा सायला एकच. शेजारच्या कोवळ्या पानावर त्याची चपटी पिवळी पिल्लं, पांढऱ्या मेणाच्या कुरळ्या तारा मागे सोडत बसलेली. दोन झाडांची पानं आधीच चट्ट्याचट्ट्यांनी पिवळी पडायला लागली होती. पिवळेपणा शिरेच्या एका बाजूला जास्त, दुसरीला कमी. खत कमी पडलं तर दोन्हीकडे सारखा पडतो, हा रोगाचा होता.

लिंबू आणि कढीपत्ता दिसायला कुठेच जुळत नाहीत, पण झाडांच्या नात्यात ते भाऊबंद आहेत. आणि हा एक सायला असा की त्याला दोघांच्याही घरचं चालतं. अंडी मात्र तो फक्त कोवळ्या फुटीत घालतो. आम्ही तिला नवती म्हणतो. लिंबाला नवती येते ती वर्षातून ठरावीक वेळा. एरवी किड्यांनी उपाशी मरायला हवं. पण आमच्याकडे मधल्या काळात जेवायला कढीपत्ता होता, पाड्याने तोडून तोडून कायम कोवळा ठेवलेला. आणि हा किडा नुसता रस पीत नाही. आजारी झाडाचा रोग निरोगी झाडात नेऊन टाकतो. त्या रोगाला ग्रीनिंग म्हणतात आणि त्यावर औषध नाही.

मी बाबांना बांधावर बसवून सगळं सरळ सांगितलं. ही दोन झाडं आत्ताच काढून जाळायची. बाकीच्यांवर फवारणी करू, ती वाचतील. पण कढीपत्ता ठेवला तर फवारणीचा उपयोग नाही, किडे परत तिथून येणार. आणि कढीपत्त्यावर विष फवारणार कसं? सगळा पाडा ते रोज फोडणीत टाकतो. तेव्हा लिंबं हवी असतील तर कढीपत्ता जायला हवा. बाबा ऐकत राहिले. मग म्हणाले, “तुझ्या आईला यातलं काही सांगायचं नाही.”

मला वाटलं, ते योग्य वेळ बघून स्वतः सांगतील. त्यांनी ती दोन झाडं काढली. आईला सांगितलं, वाळवी लागली. कढीपत्त्याला हात लावला नाही.

त्या वर्षी माघात माझ्यामागे सरकारी कामांचा ससेमिरा होता, मी बरेच शनिवार आले नाही. आले तेव्हा होळी जवळ आली होती. मागच्या दारात गेले आणि बघतच राहिले. बाबांनी लिंबाचं एकूण एक झाड राबासाठी ऐन तोडतात तसं तोडलं होतं. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागी झाडांच्या फांद्या आणि पाला रचून भाजतात, त्याला राब म्हणतात. त्यासाठी ऐनाच्या सगळ्या फांद्या उतरवतात, नुसतं खोड आणि वर थोडा शेंडा ठेवतात, आणि ऐन पुढच्या वर्षी पहिल्यापेक्षा दाट होतो. शेतीतलं हे एकच काम बाबांना पुरतं येत होतं. रोगट पाला गेला की झाड नवं होतं, असा त्यांचा हिशोब. आणि झाडं खरंच नवी दिसत होती. तोडल्या जागी सगळीकडून एकदम फूट आली होती. कोवळी, तांबूस, चकचकीत. बाबांचा चेहरा नवरदेवासारखा झाला होता. आईसुद्धा म्हणाली की काही म्हण, गुण आहे हो तुझ्या बाबांच्या हाताला. आयुष्यात पहिल्यांदा तिने लिंबांबद्दल बरा शब्द काढला होता.

मी एक फूट वाकवून बघितली. घडीतल्या पानाच्या पोटात पिवळी अंडी, दाटीवाटीने, टोकं वर करून उभी. दुसरी बघितली, तिथे तेच. झाडांनी सगळी नवती एकदम काढून किड्यांना पंगत वाढली होती आणि कढीपत्त्यावरचं अख्खं बिऱ्हाड पंगतीला आलं होतं. मी कपाळाला हात लावला. बाबांना उताराखाली लांब नेऊन ओरडले. ओरडले म्हणजे ओरडलेच, मला दबक्या आवाजात रागवता येत नाही. विचारलं, आईला का नाही सांगितलं अजून? ते इकडेतिकडे बघत म्हणाले, कशाला, आता आलीत की झाडं छान. मी फवारलं, पुन्हा आले तेव्हा पुन्हा फवारलं. कढीपत्ता तिथेच शेजारी डुलत होता.

दिवाळीपर्यंत उरलेली सगळी झाडं पिवळी पडली. फळं सुपारीएवढी राहून वाकडी झाली आणि गळली. पानं तपासणीला पाठवली होती, तिकडूनही तेच कळलं. बाबा सकाळी झाडांमध्ये जाईनासे झाले, आणि त्यांना तसं पाहून मला रडू यायचं.

भाऊबीजेला मामा आला होता, ठाण्याहून, खूप दिवसांनी. आई वाढत होती आणि नेहमीसारखी बोलत होती. म्हणे, कारकुनाने झाडं तोडली ती अशी की फाईल बंद केल्यासारखी, बंदच झाली. मामा हसला. बाबाही हसले आणि भात कालवायला लागले. त्यांचं ते हसणं बघून माझं टाळकं सरकलं. मी ताटावरूनच सगळं बोलून टाकलं. ती लिंबं तोडल्याने नाही गेली, तुझ्या झाडापायी गेली. वर्षापूर्वी कढीपत्ता काढला असता तर वाचली असती, मी सांगितलं होतं, पण यांनी तुला कळू दिलं नाही. आणि तू बोल त्यांना, बोल अजून.

आईने पळी पातेल्यात ठेवली. मामा खाली बघायला लागला. आई बाबांकडे वळली.

“मला विचारायचं तरी होतंत.”

“विचारलं असतं तर तू तोडलं असतंस,” बाबा म्हणाले. “म्हणून नाही विचारलं.”

आई उठली आणि मागच्या दारी जाऊन उभी राहिली. जेवणं तशीच उरकली. त्यानंतर तिने लिंबांवरून एक अक्षर काढलं नाही, आणि त्या घरात थट्टा नसली की किती सामसूम वाटतं ते मला तेव्हा कळलं.

उन्हाळ्यात झाडं काढली. रोगट लाकूड कुठे टाकून द्यायचं नाही, जाळायचंच, हे मी सांगितलं. बाबा म्हणाले, मग राबालाच घालू, वाया तरी जाणार नाही. काकांचा भाताचा राब आमच्या खाचरात असतो. तिथे शेण पसरलं होतं. त्यावर बाबांनी लिंबाच्या फांद्या एकेक करून मांडल्या, काटे हाताला लागत होते तरी घाई केली नाही. वर गवत घालायचं तेवढ्यात आई घराकडून येताना दिसली. डोक्यावर हिरवा भारा. जवळ आली तेव्हा वास आला. तिने कढीपत्ता बुंध्यापाशी तोडला होता, एकटीने, कोयत्याने. तिच्या मनगटाला खरचटलं होतं.

माझ्या तोंडात आलं ते नोकरीतलंच. म्हटलं, आई, आता काय उपयोग, लिंबं तर गेली. ती म्हणाली, “उपयोगासाठी कोण तोडतंय?” भारा तिने लिंबांवर पसरला, आणि वर गवत, वर मातीची ढेकळं, राब जसा रचतात तसा नीट रचला. बाबा बाजूला उभे होते. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायची त्यांना शुद्ध नव्हती. शेवटी आईनेच काडी त्यांच्या हातात दिली.

राब पेटला आणि वाऱ्याबरोबर धूर वर पाड्याकडे गेला. कढीपत्त्याचा आणि लिंबाच्या पानांचा धूर. कोणाच्या तरी घरी मोठी फोडणी पडल्यासारखा वास सगळ्या उतारावर पसरला. रस्त्याने पाणी घेऊन चाललेल्या एका बाईने थांबून हाक मारली, “काय रांधता गं एवढं?” आईने हसून हात हलवला. भाऊबीजेनंतर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. मग बाबाही हसले, आणि दोघं धुराने खोकत खोकत हसत राहिली.

लिंबांच्या मुळाशी केलेली आळी रिकामी राहिली होती. खत घालून घालून माती काळी झालेली. आईने पावसाच्या तोंडावर त्यात काकडीचं बी टोचलं. बाबांनी तिला विचारलंही नाही, गुपचूप काठ्या रोवून मांडव केला. श्रावणात वेल काकड्यांनी लगडले. तोवर न्हाणीमागे कढीपत्त्याच्या तुटलेल्या बुंध्याभोवती जमिनीतून फुटीच फुटी वर आल्या होत्या, एका झाडाच्या जागी झुडूपच. मी सांगितलं असतं, पण कोण ऐकतंय. कढीपत्ता मुळापासून खणल्याशिवाय मरत नाही. एका कोवळ्या शेंड्यावर तो बसलाच होता, डोकं खाली, शेपूट वर. मी बोट नेलं, तो उडाला. उडू दे म्हटलं. आता आसपास लिंबू नव्हतं. मला ती सातविणीखालची म्हातारी आठवली.

बाजाराच्या दिवशी मी मुद्दाम सुट्टी टाकून जव्हारला गेले. बाबांनी पोतं अंथरून काकड्या मांडल्या होत्या, कचेरीत कागद लावतात तशा एका रेषेत. अंगावर इस्त्रीचा शर्ट. आई शेजारी बसली होती, मांडीवर ओल्या फडक्यात कढीपत्त्याच्या डहाळ्या. पहिलं गिऱ्हाईक आलं, एक बाई. तिने काकडी उचलली, दाबून बघितली, वास घेतला आणि म्हणाली, कडू निघाली तर? बाबांनी तोंड उघडलं. जन्मभर ऐकलेलं उत्तर होतं ते, पण बाबा काकड्यांची रेषच पुन्हा नीट करायला लागले. मी मागे उभी राहून मुठी आवळल्या. बाई काकडी खाली ठेवायला लागली.

तेवढ्यात आईने फडक्यातली एक डहाळी काढली आणि काकड्यांवर ठेवली. बाईने विचारलं, याचे वेगळे किती?

“तो विकायचा नाही,” बाबा म्हणाले. आवाज घोगरा होता, पण स्पष्ट होता. “तो घरचा आहे.”

मग त्यांनी घसा साफ केला, आणि काकड्यांकडे हात करून म्हणाले की ह्यापण घरच्याच आहेत. आई दुसरीकडे बघत पदराने तोंड पुसत होती. बाईने पिशवी पुढे केली.